आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी हॉटेल ठरवताना: आधी तारखा, मग अटी, दर शेवटी

शोधनिबंध स्वीकारल्याची ईमेल आली की बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट बघतात, मग नोंदणी शुल्क भरतात, व्हिसाच्या मागे लागतात आणि हॉटेलचं ‘बघू नंतर’ म्हणून ठेवून देतात. लहान चर्चासत्राला हे खपून जातं. मोठ्या परिषदेला हजारो माणसं एकाच आठवड्यात शहराच्या एकाच कोपऱ्यात उतरणार असतात. विमानात जागा नसली तर दुसरं विमान मिळतं, पण सभागृहाच्या आसपासच्या खोल्या आहेत तेवढ्याच असतात.

आमच्या संस्थेतून परदेशातल्या परिषदांना जाणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. कधी एकटा वक्ता असतो, कधी वीस जणांचा गट. या काळात जे घोटाळे झाले, त्यांतला क्वचितच एखादा खोलीमुळे झाला. गादी वाईट होती, खिडकी उघडत नव्हती, असल्या तक्रारी दोन दिवसांत विसरल्या जातात. खरे चटके बसले ते चुकीच्या तारखेमुळे, न वाचलेल्या रद्द करण्याच्या अटीमुळे आणि कुणाच्या नावाने बिल घ्यायचं हे न ठरवल्यामुळे. म्हणून खाली दर येतो तो तारखा आणि अटींच्या नंतर.

खोल्या नेमक्या कुणाच्या हातात असतात

परिषदेचं शहर पक्कं होतं तेव्हाच, म्हणजे निदान वर्ष-दोन वर्षं आधी, आयोजक सभागृहाजवळच्या हॉटेलांशी करार करतात. प्रत्येक हॉटेल ठरावीक खोल्या ठरावीक दराने परिषदेसाठी बाजूला काढून ठेवतं. याला ‘रूम ब्लॉक’ म्हणतात. परिषदेच्या संकेतस्थळावर ‘अधिकृत हॉटेलं’ म्हणून जी यादी दिसते, ती या ब्लॉकची. या खोल्या सहसा आयोजकांनी नेमलेल्या निवास कक्षामार्फतच, म्हणजे प्रतिनिधींच्या मुक्कामाचं काम बघणाऱ्या संस्थेमार्फतच मिळतात. हॉटेलला थेट फोन केला तर ‘त्या तारखांना काही शिल्लक नाही’ असं उत्तर येऊ शकतं, आणि त्याच वेळी निवास कक्षाकडे त्याच हॉटेलच्या पन्नास खोल्या मोकळ्या असू शकतात. थेट नकार मिळाला म्हणून शहराबाहेरचं हॉटेल घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

ब्लॉकला एक शेवटची तारीख असते, ‘कट-ऑफ डेट’. ती बऱ्याचदा परिषदेच्या तीन ते चार आठवडे आधीची असते. त्या दिवशी न विकलेल्या खोल्या हॉटेलकडे परत जातात आणि पुढे त्यांचा दर बाजारभावाने ठरतो. मागणी भरपूर असेल तर कट-ऑफच्या दुसऱ्या दिवशी तीच खोली बरीच महाग झालेली दिसते. संकेतस्थळावर ही तारीख एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. ती शोधून लवकर नोंदणीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

आयोजक ‘अधिकृत हॉटेलच घ्या’ म्हणून मागे का लागतात, याचंही कारण करारातच असतं. राखून ठेवलेल्या खोल्यांपैकी ठरावीक हिस्सा, बहुधा ८० ते ९० टक्के, भरला नाही तर फरकाचे पैसे आयोजकांना मोजावे लागतात. शिवाय काही परिषदांत प्रत्येक खोलीमागे थोडी रक्कम आयोजकांकडे वळती होते आणि त्यातून सभागृहाचं भाडं किंवा बसगाड्यांचा खर्च निघतो. म्हणजे अधिकृत दर नेहमी स्वस्तच असेल असं नाही. बाहेरचा दर जरूर बघा, पण सारख्याला सारखं लावून: नाश्ता, कर, रद्द करण्याची मुदत हे तिन्ही जुळत असतील तरच त्या तुलनेला अर्थ आहे. सभागृहापर्यंतच्या मोफत बसगाड्या बहुधा अधिकृत हॉटेलांच्या दारातूनच सुटतात, हेही हिशेबात धरा.

ब्लॉकची एक गोम मात्र आधी कळलेली बरी. तो बहुतेक वेळा परिषदेच्या मुख्य रात्रींपुरताच असतो. एक दिवस आधी पोहोचायचं किंवा एक दिवस नंतर निघायचं असेल तर त्या कडेच्या रात्रींना तोच दर मिळेलच असं नाही. कधी त्या रात्री वेगळ्या बुकिंगमध्ये घ्याव्या लागतात. तसं झालं तर दोन्ही बुकिंग क्रमांक देऊन ‘हा एकच पाहुणा आहे, मधे खोली बदलू नये’ असं हॉटेलला लेखी कळवा. नाही तर ऐन भाषणाच्या सकाळी बॅग भरून खाली यावं लागतं.

तारखा मोजणे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून बघू.

मुख्य कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कार्यशाळा असतात आणि बॅज घेण्याचे काउंटर उघडतात. पहिल्या सकाळी त्या काउंटरवर लागणारी रांग एकदा पाहिली की माणूस पुन्हा आदल्या संध्याकाळीच बॅज घेतो. तुमचं भाषण पहिल्याच दिवशी असेल तर दोन रात्री आधी पोहोचा. हा लाड नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांना असं आढळलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक गोलार्ध दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, जणू पहाऱ्यावर असतो. त्यात वेळेच्या फरकाची भर पडते. वक्त्याने ती पहिली अर्धवट झोप भाषणाच्या आदल्या रात्रीच्याही आधी उरकून टाकलेली बरी.

आता मध्यरात्रीचं गणित. विमान १२ तारखेला पहाटे १ वाजता उतरत असेल तर तुम्हाला ११ तारखेच्या रात्रीची खोली हवी. आमच्या एका सहकाऱ्याने तिकिटावर १२ बघून खोलीही १२ पासून घेतली. रात्री पावणेदोनला तो रिसेप्शनवर उभा, आणि काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे सांगतोय, ‘तुमची खोली आज दुपारी तीनला मिळेल.’ हॉटेल भरलेलं. उरलेली रात्र त्याने लॉबीतल्या कोचावर काढली, मांडीवर पोस्टरची नळी घेऊन.

याच्या उलट चूक त्याहून महाग पडते. सकाळी सहाला पोहोचून लगेच झोपायला मिळावं म्हणून तुम्ही आदल्या रात्रीपासून खोली घेतलीत, हे योग्यच. पण ‘मी रात्री येणार नाही, सकाळी सहाला येईन’ हे हॉटेलला कळवलं नाहीत. हॉटेलचा दिवस मध्यरात्रीनंतर केव्हातरी बंद होतो, बहुधा दोन-तीनच्या सुमारास. त्याला ‘नाइट ऑडिट’ म्हणतात. तोवर न आलेला पाहुणा ‘नो-शो’ ठरतो, आणि पुष्कळ ठिकाणी नो-शो झाला की पहिल्या रात्रीचे पैसे जातातच, शिवाय पुढच्या सगळ्या रात्रींचं बुकिंगही आपोआप रद्द होतं. रात्रभर प्रवास करून तुम्ही दारात आणि यादीत तुमचं नावच नाही. दोन ओळींच्या ईमेलने हे टळतं. उत्तर आल्याशिवाय मात्र ते काम झालं असं समजू नका.

शेवटच्या दिवसाचंही तसंच. खोली साधारण ११ ते १२ च्या दरम्यान सोडावी लागते आणि विमान रात्रीचं असतं. सामान ठेवून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. पण समारोपाच्या दिवशी सगळेच बॅगा ठेवतात, तेव्हा संध्याकाळी त्या परत मिळायला लागणारा वेळ धरूनच टॅक्सी सांगा.

नकाशा उघडा, पण जाहिरातीतला नको

‘सभागृहापासून ८०० मीटर’ हे अंतर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. मधे रेल्वेमार्ग, नदी किंवा महामार्ग आला की ८०० मीटरचे अडीच किलोमीटर होतात. त्यामुळे नकाशावर चालण्याचा मार्ग काढा, आणि तोही नेमक्या प्रवेशद्वारापर्यंत. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या परिषद केंद्रात चार मोठ्या इमारती आहेत. एका टोकाच्या दारातून आत शिरल्यावर आपल्या दालनापर्यंत चालण्यातच चांगला वेळ जातो.

त्याआधी सभागृह कोणतं हेच नीट वाचा. बार्सिलोनाच्या ‘फिरा’ या प्रदर्शन केंद्राची दोन संकुलं आहेत, माँजुइक आणि ग्रान व्हिया, आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पॅरिसमध्ये पोर्त द व्हर्सायचं प्रदर्शन केंद्र दक्षिणेला आणि व्हिलपँतचं पार ईशान्येला, विमानतळाच्या वाटेवर. नुसतं ‘फिराजवळ’ किंवा ‘प्रदर्शन केंद्राजवळ’ असं लिहिलेलं हॉटेल घेतलं तर रोजचा एक तास गेलाच.

प्रवासाला किती वेळ लागेल हे बघताना आठवड्यातला वार आणि सकाळी साडेसातची वेळ टाकून बघा. रविवारी सुरू होणाऱ्या परिषदेसाठी रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. रात्रीच्या मेजवानीनंतर शेवटची गाडी किती वाजता आहे, हेही बघून ठेवा. काही शहरांत पाहुण्यांना प्रवासाचा पास हॉटेलकडूनच मिळतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये हॉटेलात उतरणाऱ्याला बाझेलकार्ड मिळतं आणि त्यावर शहरातली बस-ट्राम मोफत असते. परिषदेच्या बॅजवरच पास देण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. अशा शहरात थोडं लांब राहिलं तरी बिघडत नाही.

माझा पसंतीक्रम विचाराल तर: पंधरा मिनिटांत चालत पोहोचता येईल अशी जागा सगळ्यात उत्तम, कारण दुपारी खोलीवर येऊन अर्धा तास पाठ टेकता येते. ती मिळत नसेल तर गाडी न बदलता एकाच मेट्रोने जाता येईल अशी. दोन गाड्या बदलून जावं लागणारं स्वस्त हॉटेल तिसऱ्या दिवसापासून महाग वाटायला लागतं. विमानतळाजवळचं हॉटेल फक्त पहाटेच्या विमानाच्या आदल्या रात्रीपुरतं घ्यावं.

ताऱ्यांवर फार विसंबू नका. तारे देण्याची पद्धत सगळ्या जगात एक नाही. युरोपातल्या काही देशांनी २००९ मध्ये ‘हॉटेलस्टार्स युनियन’ नावाने समान निकष ठरवले, पण त्याबाहेर प्रत्येक देशाचा हिशेब निराळा. एका देशातले चार तारे दुसऱ्या देशात तीनच भरतात. अलीकडच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचा, आणि त्यातही कामासाठी आलेल्यांचे. त्यांना वायफाय, टेबल, दिवा आणि लिफ्टचा आवाज आठवतो.

व्हिसा आणि बुकिंग एकमेकांत अडकलेले असतात

पुष्कळ देशांच्या व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागतो. म्हणजे व्हिसा हातात नसताना हॉटेल घ्यावं लागतं, आणि व्हिसा नाकारला गेला तर ते सोडता आलं पाहिजे. त्यामुळे या टप्प्यावर पैसे परत न मिळणारं बुकिंग कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचंच बघा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत येतो, पण काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. आता ही मुदत हॉटेलच्या अटीशेजारी मांडा. ब्लॉकमधलं बुकिंग ३० दिवस आधीपर्यंतच मोफत रद्द करता येत असेल आणि तुम्ही अर्ज प्रवासाच्या ४० दिवस आधी करणार असाल, तर उत्तर येण्याआधीच हॉटेलची मुदत टळू शकते. एक तर अर्ज लवकर करा, नाही तर मुदत जास्त असलेलं हॉटेल घ्या.

बुकिंगवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, अक्षरन् अक्षर. खोलीत दोघं असतील तर दोघांची नावं पुष्टीपत्रावर छापून आली पाहिजेत. नुसतं ‘२ प्रौढ’ लिहिलेलं असेल तर दुसऱ्याच्या अर्जाला त्याचा उपयोग नाही. मुक्कामाच्या सगळ्या रात्री सलग दिसल्या पाहिजेत, मधली एखादी रात्र मित्राकडे असली तरी तसा कागद लागतो. अर्जापुरतं खोटं पुष्टीपत्र बनवून देणारे लोक असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वकिलात हॉटेलला फोन करून विचारू शकते. व्हिसा मिळाल्यावर खरोखरच हॉटेल बदललं तर नव्या बुकिंगची प्रत हातातल्या सामानात ठेवा. विमानतळावर मुक्कामाचा कागद मागितला जाऊ शकतो.

अटींचं ते एक पान

दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा: कोणत्या तारखेला, किती वाजेपर्यंत, कुठल्या घड्याळाप्रमाणे रद्द करता येतं, आणि त्यानंतर रद्द केलं तर नेमकं किती जातं, एक रात्र, निम्मी रक्कम की सगळं. ‘आगमनाच्या आदल्या दिवशी १८ वाजेपर्यंत’ असं लिहिलेलं असेल तर ती वेळ हॉटेलच्या शहरातली असते. मोठ्या परिषदेच्या आठवड्यात हॉटेलं नेहमीच्या अटी बाजूला ठेवून कडक अटी लावतात. त्यामुळे ‘त्या हॉटेलात मागे एक दिवस आधी रद्द केलं होतं’ हा अनुभव तेव्हा कामाचा नाही. किमान तीन-चार रात्री घ्याव्याच लागतील, अशी अटही याच काळात दिसते.

परिषदच रद्द झाली तर? नोंदणी शुल्क आयोजक परत करतील, हॉटेलचा विषय तुमचा आणि हॉटेलचा. बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस ही मोबाइल उद्योगाची मोठी परिषद २४ फेब्रुवारी २०२० ला सुरू व्हायची होती, ती १२ फेब्रुवारीला रद्द झाल्याचं जाहीर झालं. मोफत रद्द करण्याची ३० किंवा १४ दिवसांची मुदत असलेल्यांच्या ती तोवर हातातून गेलेली होती. ‘परतावा’ आणि ‘पुढच्या वेळी वापरता येणारी जमा’ यांतला फरकही तेव्हा अनेकांना कळला. अटींत कोणता शब्द आहे, ते बघून घ्या.

या मुदतींचा एक फायदाही आहे. ज्या दिवशी मोफत रद्द करण्याची मुदत संपते, त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत पुष्कळ खोल्या सुटतात. गटांचे आयोजक जास्तीच्या खोल्या सोडतात, व्हिसा न मिळालेले सोडतात, दोन ठिकाणी बुकिंग करून ठेवलेले एक सोडतात. हवं असलेलं हॉटेल भरलेलं असेल तर आधी दुसरीकडे रद्द करता येणारी खोली घ्या, निवास कक्षाच्या प्रतीक्षायादीत नाव घाला, आणि ते दिवस गाठून पुन्हा बघा. माझं हे काम बऱ्याच वेळा याच दिवसांत झालं आहे.

आता दर

पडद्यावरचा आकडा आणि शेवटचं बिल यांत अंतर पाडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे शहराचा मुक्काम कर. कुठे तो माणशी प्रतिरात्र ठरावीक असतो, कुठे दरावर टक्क्यांत. ॲम्स्टरडॅममध्ये २०२४ पासून तो १२.५ टक्के आहे. बर्लिनमध्ये २०२५ पासून ७.५ टक्के झाला, आणि आधी कामासाठी येणाऱ्यांना असलेली सूट तिथे एप्रिल २०२४ पासून संपली. हा कर बऱ्याचदा आगाऊ रकमेत धरलेला नसतो, तो हॉटेलात वेगळा भरावा लागतो. संस्थेकडून मंजुरी घेताना तो धरला नाही तर खिशातून जातो. दुसरी म्हणजे ‘रिसॉर्ट फी’, ‘डेस्टिनेशन फी’ अशा नावांची सक्तीची आकारणी. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून अशी सक्तीची शुल्कं धरूनच दर दाखवणं बंधनकारक झालं, पण सरकारी कर त्यावर नंतरही लागू शकतात.

पोहोचल्यावर हॉटेल तुमच्या कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं, खोलीचे पैसे भरलेले असले तरी. क्रेडिट कार्डावर त्याने फारसं बिघडत नाही. डेबिट कार्डावर मात्र तेवढे पैसे खात्यातून अडकतात आणि मोकळे व्हायला काही दिवस जातात. परदेशात रोजच्या खर्चाचं कार्ड इथे देऊ नका. पैसे भरताना मशीन ‘तुमच्या देशाच्या चलनात भरायचे का’ असं विचारेल. नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. घरच्या चलनात रूपांतर करून देण्याच्या त्या सोयीचा दर बहुधा तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो.

खर्च एखाद्या कंपनीकडून होणार असेल तर नियम आधी विचारा. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात ‘मेडटेक युरोप’ या कंपन्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेनुसार १ जानेवारी २०१८ पासून सदस्य कंपन्यांना डॉक्टरांना परिषदेसाठी थेट प्रायोजित करता येत नाही. इतर क्षेत्रांतही आलिशान हॉटेल, जोडून घेतलेली सुट्टी किंवा सोबत्याचा खर्च यांवर बंधनं असतात.

हॉटेलला पाठवायची ईमेल

बुकिंग झालं की दोन दिवसांत एक ईमेल पाठवतो. हॉटेलला ती इंग्रजीत जाते, पण मजकूर साधारण असा:

‘माझा बुकिंग क्रमांक असा-असा. मी १२ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास पोहोचेन, म्हणून ११ च्या रात्रीपासून खोली घेतली आहे. कृपया नो-शो धरू नये. आम्ही दोन सहकारी आहोत, दोन वेगळे पलंग हवेत. लिफ्टपासून लांबची, शक्यतो मागच्या बाजूची खोली मिळाल्यास बरं. बिल संस्थेच्या नावाने हवं, नाव, पत्ता आणि कर क्रमांक खाली दिला आहे. माझ्या नावाने एक पार्सल येणार आहे, ते स्वीकाराल का आणि त्याचं शुल्क किती?’

पलंगाबद्दलचं वाक्य गाळू नका. हॉटेलच्या भाषेत ‘डबल’ म्हणजे दोघांना एक पलंग आणि ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे. पहिल्यांदाच एकत्र प्रवास करणाऱ्या दोन प्राध्यापकांना ‘डबल’मध्ये पाठवण्याचा पराक्रम माझ्या नावावर आहे. त्यांनी तो अजून माफ केलेला नाही.

चाकाची खुर्ची किंवा इतर अडचण असेल तर ईमेलवर न थांबता फोन करा. ‘सुलभ खोली’ या शब्दाखाली काहीही येऊ शकतं. न्हाणीघराला उंबरठा आहे का, आधाराच्या दांड्या कुठे आहेत, दार किती रुंद आहे, हे आकड्यांत विचारा आणि फोटो मागा.

आपण होऊन फोन करणारे

परिषदेच्या काही महिने आधी एक फोन किंवा ईमेल येते: ‘तुम्ही अमुक परिषदेला वक्ते आहात, आम्ही प्रतिनिधींच्या निवासाचं काम बघतो, खोल्या झपाट्याने संपताहेत, कार्डाचे तपशील द्या.’ परिषदेचं नाव बरोबर, तुमचं नाव बरोबर, कारण दोन्ही कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असतात. हे लोक बहुधा परिषदेचे कुणीच नसतात. काही जण नुसते दलाल असतात, खोली खरी असते पण अटी भयंकर. काही जणांकडे खोलीच नसते, आणि ते कळतं चेक-इनच्या वेळी.

ओळखायची खूण साधी आहे. खरा निवास कक्ष सहसा आपण होऊन फोन करून घाई करत नाही. आलेल्या ईमेलमधल्या दुव्यावर जाऊच नका. परिषदेचं संकेतस्थळ स्वतः उघडा आणि तिथे त्या संस्थेचं नाव आहे का ते बघा. नसेल तर आयोजकांना कळवा, ते इतरांना सावध करतात. पूर्ण रक्कम बँकेतून आगाऊ पाठवा असं सांगितलं की तिथेच थांबा.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. बुकिंग खरं असतं, हॉटेलही खरं, आणि बुकिंगच्या ॲपमध्येच हॉटेलच्या नावाने निरोप येतो की ‘कार्डाची पडताळणी झाली नाही, २४ तासांत या दुव्यावर करा, नाही तर बुकिंग रद्द.’ हॉटेलचं खातं कुणीतरी ताब्यात घेतलेलं असतं. अशा वेळी हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करून विचारा.

गट घेऊन जाताना

साधारण दहा खोल्यांच्या पुढे हॉटेल तुम्हाला गट धरतं आणि करार पाठवतं. आता आयोजकांना असतात त्या अटी तुमच्या गळ्यात येतात. वीस खोल्या चार रात्रींसाठी घेतल्या तर झाल्या ८० ‘रूम नाइट’. ९० टक्क्यांची अट असेल तर ७२ भरल्या पाहिजेत. समजा पहिल्या रात्री १४ जण पोहोचले, दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री २०, आणि चौथ्या रात्री १८ राहिले. बेरीज ७२. हिशेब एकत्रित असेल तर काहीच देणं लागत नाही. तोच हिशेब रात्रवार असेल तर प्रत्येक रात्री १८ खोल्या भरायला हव्या होत्या, म्हणजे पहिल्या रात्रीच्या चार खोल्यांचे पैसे द्यावे लागतात. माणसं तीच, खोल्या त्याच, फरक करारातल्या एका शब्दाचा. ‘एकत्रित’ हा शब्द मागून घ्या. न वापरलेली खोली हॉटेलने दुसऱ्याला विकली तर ती तुमच्या देण्यातून वजा व्हावी, हे वाक्यही मागा. मागितलं नाही तर कुणी आपण होऊन देत नाही.

नावांची यादी किती तारखेपर्यंत द्यायची आणि नंतर नाव बदलायला शुल्क आहे का, हेही लिहून घ्या. व्हिसा नाकारला गेल्यावर ऐन वेळी माणूस बदलतो, हे गृहीतच धरायचं. आणि खोलीचं भाडं व कर संस्थेच्या खात्यावर, फोन, लाँड्री, मिनीबार ज्याचं त्याच्यावर, अशी बिलं पहिल्याच दिवशी वेगळी करून घ्या.

शेवटचा आठवडा आणि काउंटर

निघण्याच्या आठवडाभर आधी हॉटेलला विचारून त्यांच्या यादीत तुमचं नाव आहे ना, याची खात्री करा. निवास कक्षाकडून हॉटेलकडे याद्या उशिरा पोहोचतात, कधी नावांची उलटापालट होते. ऑनलाइन चेक-इनची सोय असेल तर वापरा. स्पेनसारख्या देशात डिसेंबर २०२४ पासून हॉटेलांना पाहुण्यांची आधीपेक्षा बरीच जास्त माहिती नोंदवावी लागते, आणि दुपारी तीनला दोनशे प्रतिनिधींच्या रांगेत उभं राहून ती भरण्यात काही मजा नाही.

हॉटेलं क्षमतेपेक्षा थोडं जास्त बुकिंग घेतात, कारण काही जण येत नाहीत हे त्यांना ठाऊक असतं. परिषदेच्या आठवड्यात सगळेच येतात. मग सगळ्यात शेवटी पोहोचणाऱ्याला सांगितलं जातं की खोली नाही. उशिरा येणार असाल तर त्या दिवशी दुपारी फोन करून ठेवा. तरीही तसं झालंच तर काउंटर सोडू नका: निदान तेवढ्याच दर्जाचं दुसरं हॉटेल त्यांनी शोधून द्यावं, तिथे जाण्याचा आणि त्या रात्रीचा खर्च त्यांनी करावा, हे मागा आणि लेखी घ्या. चांगली हॉटेलं हे करतात, पण आवाज न करणाऱ्याला कमी मिळतं. परिषदेच्या निवास कक्षामार्फत आला असाल तर तिथेही लगेच फोन करा. त्यांचा शब्द तुमच्यापेक्षा जड असतो.

आणि बिल. बाहेरच्या संकेतस्थळावर आगाऊ पैसे भरले असतील तर हॉटेल खोलीचं बिल देत नाही, ते त्या संकेतस्थळाकडूनच घ्यावं लागतं. आणि त्यावर संस्थेचं नाव आधी घातलेलं नसेल तर नंतर बदलून मिळेलच असं नाही. हॉटेलातच पैसे भरणार असाल तर निघायच्या आदल्या संध्याकाळी बिलाचा कच्चा मसुदा मागवा. संस्थेचं नाव, कर क्रमांक, रात्रींची संख्या, मुक्काम कर, आणि न प्यायलेल्या मिनीबारची नोंद, हे सगळं तेव्हाच तपासा. समारोपाच्या सकाळी काउंटरवर तीस माणसं असतात, बाहेर टॅक्सी उभी असते, आणि तिथे झालेली चूक नंतर ईमेलवरून दुरुस्त करायला मला एकदा अकरा आठवडे लागले होते.